कान यंत्राचा, ऐकणे मेंदूचे

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाच्या कानामागे एक छोटे यंत्र लावले जाते. तंत्रज्ञ ते सुरू करतो, आई हाक मारते आणि बालक चमकून वर पाहते. अशी दृश्ये आता मोबाईलवरून घरोघर पोहोचली आहेत. ती पाहून डोळे पाणावणार नाहीत असा माणूस विरळाच. विज्ञानाने बहिऱ्याला कान दिला, आता सारे ठीक झाले, अशीच पाहणाऱ्याची समजूत होते.

ते दृश्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. त्या क्षणी बालकाला आईचा शब्द कळलेला नसतो. कानी आले ती हाक होती, भांडे पडले की दाराची कडी वाजली, हे त्याला सांगता येणार नाही. यंत्राने ध्वनीची वर्दी आत पोहोचविली, एवढेच झाले. तिचा अर्थ लावण्याचे काम मेंदूचे. ते त्याला शिकावे लागते आणि शिकण्याचे वय फार थोडे असते. म्हणून कर्णबधिर मुलाच्या बाबतीत यंत्राइतकाच वेळही मोलाचा आहे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यंत्रासाठी लाखो रुपये उभे करणारे आपण नेमका वेळच वाया घालवीत असतो.

हे पटण्यासाठी आधी कानाचे कार्य समजून घेऊ.

कानाच्या आतील शंख

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. ही कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. पडदा हलला की त्याला जोडलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे हलतात आणि कंपने अंतर्कर्णात पोहोचवितात. तेथे गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव आहे. त्याला कर्णावर्त म्हणतात. तो उलगडून सरळ केला, तर त्याची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. त्यात द्रव असतो आणि एका पातळ पटलावर सुमारे १५,००० रोमपेशी ओळीने बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका असतो. द्रवातील लाटेने तो झुकला की पेशीत विद्युत्संकेत निर्माण होतो आणि श्रवण-मज्जातंतूच्या सुमारे ३०,००० धाग्यांमधून मेंदूकडे जातो.

या रचनेत एक मोठी सोय आहे. तार स्वरांची कंपने शंखाच्या मुखाजवळच्या पटलाला अधिक हलवितात, तर खर्जाची कंपने पार टोकापर्यंत जातात. म्हणजे कर्णावर्त ही जणू गुंडाळून ठेवलेली पेटीची स्वरपट्टीच होय. संकेत कोणत्या जागेवरून आला यावरून मेंदू स्वर ओळखतो. शंखातील या लाटांचा अभ्यास करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्मतः येणाऱ्या तीव्र बहिरेपणात बहुतेक वेळा दोष असतो तो या रोमपेशींत. त्या नसतील किंवा मेल्या असतील, तर कंपनांचे विद्युत्संकेतात रूपांतर होतच नाही. मृत रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. नेहमीचे श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण तो घेणाऱ्या पेशीच नसतील तर मोठ्या आवाजाचा काय उपयोग? आशेची गोष्ट अशी, की रोमपेशी गेल्या तरी त्यांच्यामागचा मज्जातंतू पुष्कळदा शाबूत असतो. मग रोमपेशींना वगळून मज्जातंतूलाच विजेने संदेश का देऊ नये?

वोल्टापासून मेलबर्नपर्यंत

या प्रश्नाचा पहिला धागा थेट वोल्टापर्यंत जातो. विद्युत्घट तयार करणाऱ्या अलेस्सांद्रो वोल्टाने सुमारे १८०० साली धातूच्या दोन कांड्या स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या आणि त्या सुमारे ५० व्होल्टच्या घटमालेला जोडल्या. डोक्यात जोराचा धक्का बसला आणि मग घट्ट पिठले रटरटावे तसा आवाज आला. हा प्रयोग त्याने पुन्हा केला नाही. तुम्ही तर तो मुळीच करू नका!

पुढे १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवण-मज्जातंतूजवळ तार बसवून वीज सोडली. रुग्णाला आवाजाची लय जाणवली, पण बोलणे कळले नाही. अमेरिकेत विल्यम हाउस यांनी १९६१ पासून असेच प्रयत्न केले. त्यांच्या एका तारेच्या यंत्राला १९८४ साली तेथील सरकारी मान्यता मिळाली. त्यामुळे मोटारीचा कर्णा किंवा दारावरची थाप कळे, ओठांवरून बोलणे ओळखण्यास मदत होई. परंतु नुसते ऐकून वाक्य समजणे क्वचितच जमे. एकाच पट्टीच्या पेटीवर गाणे कसे वाजणार?

अनेक विद्युत्अग्रे असलेली तार कर्णावर्तात घालणे हा त्यावरचा उपाय होता. पण अडीच वेढ्यांच्या त्या नाजूक शंखात तार सरकवावी कशी? ऑस्ट्रेलियातील डॉक्टर ग्रेम क्लार्क यांचे वडील कानाने अधू होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या मनाला फार लागला होता. १९७७ साली सुटीत समुद्रकिनाऱ्यावर असताना त्यांनी एका शंखात गवताची पाती घालून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचिक असलेले पाते वेढ्यांमधून सहज आत जाते, असे त्यांना दिसले. तशीच तार त्यांनी करविली. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे अपघातात श्रवण गमावलेल्या एका प्रौढ गृहस्थावर त्यांनी ती शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास, डिसेंबर १९७७ मध्ये, व्हिएन्ना येथे इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्याचे अनेक विद्युत्अग्रांचे यंत्रही एका रुग्णाला बसविण्यात आले होते. पुढे १९९१ साली ब्लेक विल्सन यांनी ध्वनीचे विद्युत्संकेतात रूपांतर करण्याची सुधारित रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे बोलणे पुष्कळच स्पष्ट कळू लागले.

हेच आजचे कॉक्लिअर इम्प्लांट. कानामागे अडकविलेला मायक्रोफोन आवाज टिपतो आणि एक छोटा संगणक त्याचे निरनिराळ्या वारंवारतांचे भाग पाडतो. त्वचेबाहेरचे वेटोळे हे संकेत रेडिओलहरींनी त्वचेखालच्या यंत्राकडे पाठविते, आणि तेथून ते कर्णावर्तातील १२ ते २२ विद्युत्अग्रांकडे जातात.

तळहाताने वाजविलेली पेटी

आता तुलना करा. निसर्गाच्या १५,००० रोमपेशींच्या जागी आहेत फार तर २२ विद्युत्अग्रे! शिवाय एका अग्राची वीज द्रवातून आजूबाजूला पसरते. पेटी बोटाऐवजी तळहाताने वाजवावी तसा हा प्रकार होतो. म्हणूनच रोपण केलेल्या पुष्कळांना गाण्यातील स्वरांचा गोडवा नीट कळत नाही आणि गोंगाटात बोलणे समजण्यास त्रास पडतो.

मग इतक्या तुटपुंज्या माहितीवर माणसाला बोलणे कळते तरी कसे? याचे उत्तर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी बोलण्यातील बहुतेक तपशील काढून टाकले. केवळ तीन-चार वारंवारता-पट्ट्यांतील चढउतार ठेवून बाकी सगळी खरखर भरली. हे विचित्र बोलणे चांगल्या कानांच्या लोकांना ऐकविले. थोड्या सरावानंतर त्यांना ते मोठ्या प्रमाणात समजू लागले!

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गाळलेल्या जागा कानाने भरल्या नाहीत, त्या मेंदूने भरल्या. त्या श्रोत्यांच्या मेंदूत भाषा आधीच मुरलेली होती, म्हणून त्याला त्या भरता आल्या. ज्याच्या मेंदूत भाषा पोहोचलेलीच नाही, त्याने गाळलेल्या जागा कशाने भराव्यात?

मेंदू थांबत नाही

येथेच प्रौढ आणि बालक यांतील फरक कळतो. चाळीस वर्षे ऐकून मग बहिऱ्या झालेल्या माणसाला रोपण केले, तर आरंभी त्याला सारे आवाज यांत्रिक वाटतात. पण त्याच्यापाशी शब्दांचे भांडार असते. नवा आवाज आणि जुना शब्द यांची सांगड घालता घालता काही महिन्यांत तो पुष्कळसे बोलणे समजू लागतो. जन्मतः बहिऱ्या बालकापाशी हे भांडारच नसते. त्याला आवाज आणि भाषा दोन्ही एकदम शिकायची असतात.

बाळाचे हे शिकणे फार लवकर सुरू होते. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांतच त्याला आईचा आवाज ऐकू येऊ लागतो. कॅनडातील जॅनेट वर्कर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटावा. आपल्या 'ट' आणि 'त' यांसारखा हिंदी उच्चारांतील भेद त्यांनी इंग्रजी घरांतील बाळांना ऐकविला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता आला; पण वर्षाच्या आतबाहेर पोहोचलेल्या बाळांना तो येईनासा झाला. जे आवाज कानी पडत नाहीत, त्यांच्यावर मेंदू शक्ती खर्च करीत नाही.

काहीच कानी न पडणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने घडते. ध्वनीसाठी राखलेला मेंदूचा भाग रिकामा पडून राहत नाही. दृष्टी आणि स्पर्श तो आपल्याकडे ओढून घेऊ लागतात. मेंदूतील संकेतांच्या मोजमापांवरून असे दिसून आले आहे, की साडेतीन वर्षांच्या आत रोपण झाले तर श्रवणकेंद्राची वाढ बहुधा वयाला साजेशी होते. सात वर्षांनंतर ते अवघड होते. अमेरिकेत १९९० साली अनेक अग्रांच्या रोपणाला मुलांसाठी मान्यता मिळाली, तेव्हा किमान वय दोन वर्षे होते. ते २००० साली एका वर्षावर आणि २०२० साली नऊ महिन्यांवर आले, त्याचे कारण हेच.

आपल्याकडे 'मूकबधिर' असा जोडशब्द रूढ आहे. जणू मुकेपणा हा बहिरेपणाबरोबर आलेला दुसरा रोगच! अशा मुलांचा कंठ बहुधा अगदी निरोगी असतो. जे कधी ऐकलेच नाही ते बोलता येत नाही, इतकेच. वेळेवर लक्ष दिले असते तर टळले असते असे पुष्कळ 'मूकत्व' आपण दैवाच्या माथी मारतो.

टाळी वाजवून कळत नाही

मग उशीर कोठे होतो? शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. तो घरात होतो. मूल बोलत नाही म्हटले की आजी सांगते, "याचा बापही उशिराच बोलला." शेजारी म्हणतात, "मुलगे उशिराच बोलतात." कुणी मागे उभे राहून टाळी वाजवितो, ताटली बडवितो, मूल वळून पाहते आणि सर्वांना हायसे वाटते. पण मूल सावलीने वळते, जमिनीच्या हादऱ्याने वळते, समोरच्यांच्या नजरा फिरल्या म्हणूनही वळते. एखाद्याला ताटली ऐकू येते, पण 'स' आणि 'फ' येत नाहीत. या घोळात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

विज्ञानापाशी याहून चांगली कसोटी आहे. १९७८ साली लंडनचे डेव्हिड केम्प यांनी शोध लावला, की निरोगी कान आवाज घेतो तसा अतिशय क्षीण आवाज बाहेरही टाकतो! बाहेरच्या रोमपेशींच्या हालचालीतून हा प्रतिसाद उमटतो. बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून टिकटिक आवाज सोडायचा आणि हा प्रतिसाद येतो की नाही ते नोंदवायचे. बाळ झोपलेले असले तरी चालते, सुई टोचावी लागत नाही, आणि काम काही मिनिटांत होते. शंका आल्यास मेंदूकडे जाणारे विद्युत्संकेत मोजणारी दुसरी चाचणी करता येते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, असा नियम जगभरचे तज्ज्ञ सांगतात.

दर हजार बाळांपैकी एक ते तीन बाळे लक्षणीय श्रवणदोष घेऊन जन्मतात. आपल्या देशात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा शोध घेण्याची तरतूद आहे. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत गरजू बालकांना सरकारी खर्चाने रोपण मिळण्याची योजनाही आहे. या गोष्टी निश्चित स्तुत्य आहेत. परंतु जेथे प्रसूती होते, तेथे प्रत्येक बाळाचा कान यंत्राने तपासला गेलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. "एवढी यंत्रे आणायची कोठून?" असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने दिले आहे. तेथे २००३ पासून प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी, एक प्रशिक्षित व्यक्ती यंत्र घेऊन रुग्णालयांमधून फिरते, अशी पद्धत राबविली गेली. पोस्टमन घरोघर फिरतो, तशी ही कसोटी आपल्या तालुक्यातालुक्यांतून का फिरू नये?

मेंदूज्वरानंतर बहिरेपण आले असेल, तर घाई आणखी हवी. या रोगानंतर कर्णावर्तात हाड वाढू लागते आणि तार घालण्याची वाटच बंद होऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

रोपण झाले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि सारे आपापल्या कामाला लागतात. खरे काम तेव्हा सुरू होते. यंत्राची जुळणी वारंवार करून घ्यावी लागते. आईने पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, अंघोळ घालताना एकेक गोष्ट बोलून दाखवावी लागते. प्रशिक्षकाकडे आठवड्यामागून आठवडे जावे लागते. ज्या बापाची रोजंदारी बुडते आणि ज्याला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जावे लागते, तो हे किती दिवस करील? बाहेरच्या भागाची तार तुटते, बॅटरी संपते, काही वर्षांनी तो भागच बदलावा लागतो. यासाठी पैसे नसले, तर लाखो रुपयांचे यंत्र डोक्यात असूनही मूल पुन्हा शांततेत जाते. म्हणून रोपणाचा खर्च मांडताना पुढील वर्षांचे प्रशिक्षण, प्रवास आणि दुरुस्ती हेही त्यात धरलेच पाहिजेत. विहीर खणून दिली आणि दोर दिला नाही, तर पाणी कसे निघणार?

खुणांच्या भाषेचे काय?

या विषयाला दुसरी बाजूही आहे आणि ती ऐकून न घेणे अन्यायाचे होईल. बहिरेपण म्हणजे दुरुस्त करायची मोडतोड नव्हे, आम्ही खुणांच्या भाषेत पूर्ण जीवन जगतो, असे अनेक कर्णबधिर व्यक्तींचे म्हणणे आहे. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली मुलांवरील रोपणाला कडक विरोध केला होता. २००० साली तिने आपली भूमिका पुष्कळ सौम्य केली.

माझ्या मते हा झगडा 'हे की ते' असा मांडण्यात चूक होते. मेंदूला त्या कोवळ्या वयात भाषा हवी असते, मग ती कानावाटे येवो की डोळ्यांवाटे. खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि तिच्यात विनोद, वाद, गणित सारे काही करता येते. "खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाही" या भीतीने पालक हात आखडतात आणि रोपणाची वाट पाहत मूल भाषेविना वाढते. हा उपवास फार महाग पडतो. जन्मापासून खुणांची भाषा मिळालेल्या मुलांनी रोपणानंतर बोलण्यातही चांगली प्रगती केल्याचे अभ्यासांत आढळले आहे. शिवाय झोपताना यंत्र काढले किंवा बॅटरी संपली की ते मूल बहिरेच असते. ज्यांना रोपण उपयोगी नाही, ज्यांचे वय उलटून गेले, त्यांना तर भाषेचा हक्क याच वाटेने मिळेल. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा खुणांचा कोश तयार केला आहे. तो सर्वांना पाहता येतो.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थी मित्रहो, आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' असे म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात! नुसते ओठ पाहून बोलणे ओळखणाऱ्या मुलाला दिवसभर किती तर्क करावे लागत असतील, याची यावरून कल्पना येईल.

तुमच्या वर्गात कानामागे यंत्र असलेला सोबती असेल, तर त्याच्याकडे तोंड करून, नेहमीच्या वेगाने आणि स्पष्ट बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्द बिघडतो. एका वेळी एकानेच बोला. त्याला कळले नाही तर "जाऊ दे, काही नाही" असे म्हणू नका, वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा. खुणांची पन्नास वाक्ये शिकायला तुम्हाला एक सुटी पुरेल.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. फळ्याकडे तोंड करून बोलू नका आणि मागच्या बाकावरून आलेले उत्तर स्वतः पुन्हा सांगा. या सवयींना पैसा लागत नाही आणि साऱ्या वर्गाचा त्यात फायदा आहे.

आणि तुमच्या घरी किंवा शेजारी नुकतेच बाळ जन्मले असेल, तर मोठ्या माणसांना एवढे अवश्य विचारा: "बाळाचे कान यंत्राने तपासले का?" तुमच्या या प्रश्नाने कदाचित एखाद्या मुलाची तीन वर्षे वाचतील. ती पुढे कोणत्याही किमतीला विकत मिळत नाहीत.